आठवड्याला दोन खेळ्या

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला चौकड्यांचा कागद दाखवला आणि विचारलं, रेघा सरळ दिसतात का. त्या सरळ नव्हत्या. मधोमध वाकल्या होत्या, पडद्याचं कापड कुणी मागून चिमटीत धरून ओढावं तशा. डाव्या डोळ्याने तर मधे नुसता राखाडी डाग होता. तो म्हणाला, "तशा सरळच आहेत." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. अशी उत्तरं त्यांना रोज मिळत असावीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नजरेचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं दिसत राहील, चालता-फिरता येईल. पण वाचणं, चेहरे ओळखणं, बारीक काम करणं हळूहळू जाईल. त्याच्या प्रकाराला औषध लागू पडत नव्हतं. किती दिवस आहेत, असं त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, तारीख कुणीच देऊ शकत नाही. पण उजव्या डोळ्याने जे वाचायचं असेल ते आठ महिन्यांत वाचून घ्या.

तो दात बनवायचा. दंतवैद्यांकडून मापं यायची, त्यांचे प्लास्टरचे साचे व्हायचे आणि त्यांवर तो ब्रशच्या टोकाने पोर्सेलिनचे थर देऊन दात उभा करायचा. चौतीस वर्षं झाली होती. पुढच्या दातांत त्याचा हातखंडा. शेजारच्या दाताची पिवळसर झाक, टोकाशी किंचित निळेपणा, सिगारेट ओढणाऱ्याच्या दातावरची केसाएवढी तपकिरी रेघ, सगळं तो असं उतरवायचा की खरा कुठला आणि खोटा कुठला हे तोंडाच्या मालकालाही सांगता येऊ नये.

तेव्हा दवाखान्याचा जिना उतरताना त्याने नोकरीचा विचार करायला हवा होता. पण त्याच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता. साठ.

साठ म्हणजे नदीमोहीम. गेली अकरा वर्षं तो ईमेलवरून युद्धाचे खेळ खेळत होता. पडद्यावर नकाशा, नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं, प्रत्येक घराला चार आकडी नंबर आणि घरांवर सैन्याच्या तुकड्यांच्या सोंगट्या. एकाने आपल्या सोंगट्या हलवून फाईल दुसऱ्याला पाठवायची, दुसऱ्याने काय झालं ते बघून आपली खेळी करायची आणि परत पाठवायची. छोट्या लढाया आठ-दहा खेळ्यांत संपतात. नदीमोहीम साठ खेळ्यांची होती. रुंद नदी, दोन काठांवर दोन राज्यं, सात पूल, अकरा शहरं आणि दोन्हीकडे सव्वाशे-सव्वाशे तुकड्या. हा खेळ त्याने निवृत्तीसाठी राखून ठेवला होता. सवडीने खेळू, म्हणून.

आता सवड मोजून मिळाली होती. आठ महिने म्हणजे पस्तीस आठवडे. आठवड्याला दोन खेळ्या पडल्या तर तीस आठवड्यांत खेळ संपत होता, वर पाच आठवडे हाताशी राहत होते. फक्त समोर असा माणूस हवा होता जो आठवड्याला दोनदा न चुकता फाईल पाठवेल आणि मधेच पळणार नाही. त्याचा नेहमीचा गडी नऊ वर्षं टिकला होता. पण गेल्याच वर्षी त्याला जुळं झालं आणि आपल्याला एकाच वेळी दोन आघाड्या झेपत नाहीत असं कळवून तो खेळातून निवृत्त झाला.

घरी ताई वाट बघत होती. त्याचं लग्न राहूनच गेलेलं. ताईचे यजमान गेल्यापासून दोघं भावंडं एकत्र राहत होती. ताईने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरचं काम केलं होतं आणि अजूनही ती घरात असं बोलायची की पलीकडच्या माणसाने एकदाच ऐकावं आणि लिहून घ्यावं. डॉक्टर काय म्हणाले, तिने विचारलं. तो म्हणाला, चष्म्याचा नंबर वाढलाय.

दुसऱ्या दिवशी त्याने खेळाडूंच्या क्लबच्या पानावर जाहिरात टाकली. क्लबमध्ये सगळे टोपणनावांनी वावरायचे, तो तिथे 'दातवाला' होता. नदीमोहिमेसाठी प्रतिस्पर्धी हवा, आठवड्याला किमान दोन खेळ्या, शेवटपर्यंत खेळणारा.

पहिल्यांदा 'वादळ' नावाचा कुणी आला. मोठ्या उत्साहाने आला. त्याच्या एकेका मेलमध्ये उद्गारचिन्हांची रांग असायची. चार खेळ्या झाल्या आणि वादळ शमलं. आठवडाभर थांबून त्याने सौम्य आठवण करून दिली, आणखी आठवड्याने दुसरी. उत्तर आलं नाही. आजारी पडला असेल, नोकरी गेली असेल, की नवा खेळ मिळाला असेल? माणूस असा नाहीसा झाला की राग धरायलासुद्धा काही हाताला लागत नाही.

दुसरा 'सरसेनापती'. तो चांगला खेळायचा, वेळेवर खेळायचा, जोवर जिंकत होता तोवर. नवव्या खेळीत त्याचं घोडदळ पुलाशी कोंडलं गेलं आणि त्याच दिवशी त्याचा कॉम्प्युटर बिघडला. त्या बिघडलेल्या कॉम्प्युटरवरून तो क्लबच्या पानावर रोज डावपेचांवर लांबलचक व्याख्यानं मात्र देत होता.

तिसऱ्याने पहिल्याच दिवशी चार खेळ्या पाठवल्या. पाचवीला उत्तर यायला संध्याकाळ झाली म्हणून त्याने चिडून लिहिलं, की इतकं सावकाश खेळायचं असेल तर गोगलगाय पाळा. आणि गेला.

प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्या खेळीपासून सुरुवात. प्रत्येक वेळी त्याच सव्वाशे तुकड्या तटबंदीवर उभ्या करायच्या, तीच नदी समोर. अकरा आठवडे गेले. उरलेल्या चोवीस आठवड्यांत साठ खेळ्या बसवायच्या तर आठवड्याला अडीच पडत होत्या. तो रोज सकाळी दात घासताना हे गणित करायचा आणि रोज ते थोडं थोडं बिघडलेलं असायचं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याने जुळ्यांच्या बापाला मेल लिहिली. नऊ वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, आता मागतो. आठवड्याला दोन खेळ्या, फक्त सहा महिने. उत्तरात बाळांचा फोटो आला, एक हसणारं, एक रडणारं, आणि खाली, माफ कर रे. त्याने फोटो डोळ्यांजवळ नेला, तिरका धरला. रडणाऱ्या बाळाचा चेहरा डागाखाली गेला. त्या बाळाला आपण ओळखणार नाही, असं उगाच मनात येऊन त्याला भडभडून आलं, आणि त्याच भरात त्याने क्लबच्या पानावर लिहिलं: 'नदीमोहीम. कुणीही चालेल. कृपा करून.'

तासाभराने शरम वाटून त्याने ते काढून टाकलं. पण तेवढ्यात ते एकीने वाचलं होतं.

तिचं टोपणनाव 'खूर'. ती जनावरांची डॉक्टर होती, कुठल्यातरी दूरच्या भागात गाडीने गोठे फिरायची. तिच्या मेलमध्ये अटी होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक खेळी. फाईल मिळाली की लगेच 'मिळाली' एवढं कळवायचं. गैरहजर राहायचं असेल तर आधी सांगायचं. हरत असाल तर लढा किंवा शरण या, पण गप्प बसायचं नाही. कुणी गप्प बसलं तर ती चार दिवस थांबायची, एकदा लिहायची, पुन्हा चार दिवस थांबायची आणि नाव खोडायची. शेवटी तिने विचारलं होतं, की ते 'कृपा करून' कशासाठी होतं?

त्याने लिहिलं, ही मोहीम खेळायची फार दिवसांची इच्छा आहे. हे खोटं नव्हतं, म्हणूनच ते लिहिताना त्याला जास्त अवघड वाटलं. आठवड्याला तीन खेळ्या जमतील का, असंही त्याने विचारून पाहिलं. उत्तर आलं, तीन मला जमणार नाहीत, आणि जे जमणार नाही ते मी कबूल करत नाही. या वाक्यावर त्याचा विश्वास बसला. दोन तर दोन. चोवीस आठवड्यांत अठ्ठेचाळीस खेळ्या होतील, पुढचं पुढे.

तिने उत्तरेचा काठ घेतला, त्याने दक्षिणेचा. आणि मग तीन महिने असे गेले की त्याला आपला आजार काही काही दिवस आठवायचाही नाही. मंगळवार आणि शुक्रवार उजाडले की फाईल आलेली असायची. खाली दोन-तीन ओळी. आज गाईच्या पोटातून आडवं वासरू काढलं, हात अजून थरथरतोय, तरी तुमचा तिसरा पूल मी घेतलाय. तोही लिहायचा. आज एका गायकाचे दोन दात केले, 'स' म्हणताना शिट्टी वाजू नये म्हणून मागून अर्धा केस घासले. ती उत्तम खेळायची. घाई करायची नाही, उगाच धाडस करायची नाही, आणि त्याने एखादी चांगली खेळी केली तर मोकळेपणाने तसं लिहायची. चौदाव्या खेळीत त्याने तिसरा पूल परत घेतला तेव्हा तिने लिहिलं, हे मला आवडलं नाही, म्हणजे छान झालं.

पण डाग वाढत होता. आधी त्याने पडद्यावरची अक्षरं मोठी केली, मग नकाशा मोठा केला, मग मान डावीकडे वळवून कडेने बघायची सवय लावून घेतली. एकेक नंबर वाचायला वेळ लागे. एक आणि सात सारखेच दिसायचे. एक खेळी करायला पूर्वी अर्धा तास पुरायचा, आता तो सकाळी दीड तास आणि संध्याकाळी आल्यावर दीड तास बसायचा. ताई म्हणायची, इतकी मान वाकडी करून बसतोस, उशी बदलून देऊ का?

कामावर तर तो रोज चोरासारखा वावरत होता. छटांच्या पट्टीवरून रंग जुळवताना तो खिडकीपाशी जायचा, पट्टी डोक्याच्या बाजूला धरायचा आणि अंदाजाने सांगायचा. दातांच्या त्या लॅबच्या मालकीणबाई त्याच्याच हाताखाली काम शिकलेल्या. त्यांनी पहिल्यांदा दंतवैद्याकडून परत आलेला दात त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने भट्टीला दोष दिला. दुसऱ्यांदा ब्रशला. तिसऱ्यांदा पुढचे चार दात परत आले, चारी वेगवेगळ्या रंगांचे, आणि मालकीणबाईंनी ते उचलून स्वतःच्या टेबलावर नेले.

सत्ताविसाव्या खेळीत त्याने पाचवा पूल मोकळा सोडला. त्याला वाटत होतं तिथे त्याच्या दोन तुकड्या आहेत. त्या होत्या, पण शेजारच्या घरात. आधीच्या तीन खेळ्यांतही त्याने असंच काहीबाही केलं होतं. रिकाम्या जंगलावर तोफा डागल्या होत्या, जखमी तुकडी पुढे नेऊन ठेवली होती. खूरची फौज पुलावरून सरळ चालत आली. आणि खाली नेहमीच्या वासरांऐवजी हे होतं:

"तुम्ही नकाशा बघत नाही. आधी वाटलं दमला असाल. आता वाटतं की तुम्हाला कंटाळा आलाय किंवा तुम्ही मला मुद्दाम जिंकू देताय. दोन्ही मला चालणार नाही. जो बघत नाही त्याच्याशी मी खेळत नाही."

हे वाचायला त्याला पाच मिनिटं लागली. शेवटचं वाक्य त्याने तीनदा वाचलं, एकेक अक्षर कडेने पकडत. मग त्याने कॉम्प्युटर बंद केला. 'मिळाली' असं कळवलं नाही.

मंगळवार गेला. शुक्रवार गेला. रोज त्याच्या मनात यायचं की आज लिहू, आणि काय लिहायचं हे सुचायचं नाही. दिसत नाही म्हणून लिहिलं तर ती कीव करून सोपं खेळेल. आणि न लिहिलं तर तो स्वतःच वादळ झाला, सरसेनापती झाला. इतकी वर्षं ज्यांना त्याने शिव्या घातल्या त्यांच्यापैकी किती जण असे कॉम्प्युटरपुढे हात बांधून बसले असतील, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. त्याने काही बरं वाटलं नाही. दात घासताना तो आता गणितही करत नव्हता.

नवव्या दिवशी सकाळी मालकीणबाई त्याच्या टेबलाशी आल्या. तो एका दाताच्या टोकावर निळसर थर देत होता, निदान त्याला तसं वाटत होतं. त्या वाकून बघू लागल्या. मग त्यांनी हळूच त्याच्या बोटांतून ब्रश काढून घेतला, जसा लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तसा. म्हणाल्या, "सर, तुम्ही दाताच्या बाहेर रंगवताय."

त्या अजूनही त्याला सर म्हणत होत्या. त्यांनी त्याला हाकललं नाही. साचे ओतायचं काम बोटांनी होतं, ते तुम्ही करा, म्हणाल्या. पण आज घरी जा.

दुपारी बारा वाजता तो दारात उभा राहिलेला बघून ताई घाबरली. तिने पाणी आणलं. त्याने पेला घ्यायला हात पुढे केला तो पेल्याच्या शेजारी. पेला ताईच्या हातून सुटून फुटला. दोघंही खाली बघत राहिली, आणि मग त्याने सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या चौकडीच्या कागदापासून ब्रशपर्यंत. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला. शेवटी तो म्हणाला, "काम गेलं, वाचन गेलं, खेळ गेला. सकाळी उठून मी करायचं काय, ताई? नुसतं बसायचं? वीस वर्षं?"

ताई कपाळाला हात लावून बसली होती. तिच्या रागाला आधी वाट सापडली. "सहा महिने? सहा महिने तू मला चष्म्याचा नंबर सांगत होतास? मी या घरात राहते की पाहुणी आलेय?" मग ती रडली, मग काचा गोळा केल्या, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, ती बाई काय लिहिते ते मला दाखव.

त्याने कॉम्प्युटर लावून दिला. ताईने मेल उघडल्या. एक चार दिवसांपूर्वीची होती, ती त्याने पाहिलीच नव्हती. ताईने तिच्या ऑपरेटरच्या आवाजात ती वाचली, ना कमी ना जास्त. पाच दिवस झाले. मी रागाने लिहिलं होतं, ते चुकलं असेल तर तसं सांगा. आजारी असाल तर तेही सांगा. नियम तुम्हाला माहीत आहे. आणखी चार दिवस थांबेन.

"चार दिवस कधी होतात?" त्याने विचारलं.

ताईने तारीख बघितली. "आजच की."

त्याने सांगायचं आणि ताईने टाइप करायचं, असं पत्र झालं. ते छोटं होतं. मला नकाशा दिसत नाही. डाव्या डोळ्याने मुळीच नाही, उजव्याने कडेकडेने, आणि तेही थोडे दिवस. मी तुम्हाला जिंकू देत नव्हतो. पूल माझ्या चुकीने गेला. पुढे खेळायचं असेल तर माझी बहीण नकाशा वाचून सांगेल आणि आठवड्याला एकच खेळी होईल. खेळायचं नसेल तर मी समजू शकतो, पण कळवा. ताईने शेवटी स्वतःच्या मनाने एक वाक्य घातलं, की माझा भाऊ खोटारडा नाही, मूर्ख आहे.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. ताई तासातासाला मेल बघायची आणि तो विचारायचा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो प्लास्टरचे हात न धुताच कामावरून घरी आला, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला आणि म्हणाला, नाव खोडलं तिने. ताई म्हणाली, खोडलं तर खोडलं, तिच्याहून बरी कुणी मिळेल. तो म्हणाला, तुला काही कळत नाही. त्याला वाटलं आता ती उठून जाईल. ती गेली नाही, ओलं फडकं आणून त्याचे प्लास्टरचे हात पुसायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. ताईने उभ्यानेच वाचलं:

"साथ आली होती, तीन दिवस गोठ्यांत होते, फोनही लागत नव्हता. माझाच नियम मी मोडला, त्याबद्दल माफी. आता ऐका. मी लिहिलेलं वाक्य परत घेते. पूल परत देत नाही. सत्ताविसावी खेळी झाली ती झाली. तुमच्या बहिणीला सांगा, प्रत्येक खेळीनंतर कुठल्या घरात काय आहे याची यादी मी लिहून पाठवीन, म्हणजे चित्र बघावं लागणार नाही. दर मंगळवारी एक. मी सोपं खेळणार नाही. तुम्ही तसं सुचवलं असतं तर मी खेळच थांबवला असता."

तो पलंगावर उठून बसला. त्याने ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाला, यादी वाच.

तिथून पुढे मंगळवारची सकाळ म्हणजे घरात रण माजायचं. कामावरून त्याने मंगळवारची सुट्टी मागून घेतली. ताई खुर्चीत ताठ बसून आकडे वाचायची, बारा शून्य सात, पायदळ, निम्मं उरलंय; तेरा शून्य सात, रिकामं. तो डोळे मिटून ऐकायचा. सुरुवातीला त्याच्या डोक्यात सगळं सांडायचं. वीस आकडे झाले की पहिले पाच पुसलेले असायचे. तो चिडून पुन्हा सुरुवातीपासून वाचायला सांगायचा, ताई पुन्हा वाचायची, तिसऱ्यांदा म्हणायची, "मी दिवसाला नऊशे कॉल जोडलेत, पण तुझ्यासारखं गिऱ्हाईक बघितलं नाही." एकदा त्याने हताश होऊन टेबलावर हात आपटला. एकदा ती यादीच बंद करून भाजी आणायला निघून गेली. बत्तिसाव्या खेळीला पाच तास लागले. त्या दिवशी त्याने ठरवलं की आता बस्स, हे आपल्याच्याने होणार नाही. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा बसला, कारण दुसरं करायचं काय होतं?

मग ताईने टेबलावर जाड दोरा ताणून नदी केली आणि सात पुलांच्या जागी सात बटणं चिकटवली. त्याची बोटं प्लास्टरमध्ये मुरलेली, ती दोऱ्यावरून फिरायला लागली. हळूहळू आकडे जागेवर बसू लागले. उजव्या डोळ्यातही डाग आता मधोमध पूर्ण पसरला होता. ताईचं तोंड त्याला दिसत नव्हतं, तिचे कान आणि केस दिसायचे.

चव्वेचाळिसाव्या खेळीनंतर मात्र त्याचा धीर सुटला. नदीच्या अलीकडे खूरच्या फौजा पसरल्या होत्या, राजधानीला तीन बाजूंनी वेढा होता आणि त्याच्याकडे हलवायला काही उरलं नव्हतं. पुढच्या सोळा खेळ्या म्हणजे सोळा मंगळवार नुसता मार खायचा. त्याने शरणागती लिहायला सांगितली. ताई म्हणाली, नक्की? तो म्हणाला, लिही.

खूरने दुसऱ्याच दिवशी कळवलं, शरणागती मला मान्य आहे, पण तुमच्या पूर्वेच्या शहरात पाच खेळ्यांपासून तेरा ताज्या तुकड्या बसून आहेत, त्या तुम्ही का वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटत होतं. मला वाटलं सापळा आहे, म्हणून मी तिकडे फिरकले नाही.

ताईने घाईने यादी पुन्हा खाली सरकवली.

"यादीच्या दुसऱ्या पानावर होतं ते," ताई म्हणाली. "दुसरं पान असतं हे मला कुणी सांगितलंय?"

तो संतापून खुर्चीतून उठला. मग त्याला हसू फुटलं, कित्येक महिन्यांनी, आणि ते थांबेना. ताईला आधी राग आला, मग तीही हसायला लागली, डोळे पुसत म्हणाली, तेरा म्हणजे बरेच असतात का रे?

त्याने शरणागती मागे घेतली. त्या तेरा तुकड्यांनी वेढा फोडला. पन्नासाव्या खेळीत दुसरा पूल परत मिळाला, चोपन्नाव्या खेळीत चौथा. पण ती खूर होती. तिने फौज मागे घेतली, नदीच्या वळणाशी खंदकांत उभी केली आणि तिथून ती हलली नाही. त्याने तीनदा हल्ला केला, तीनदा परतला. तिसरा हल्ला करू नकोस असं ताई सांगत होती. त्याने ऐकलं नाही, आणि ताईने ते त्याला पुढे बरेच दिवस ऐकवलं.

साठावी खेळी डॉक्टरांच्या आठ महिन्यांच्या बऱ्याच पुढे, एका ढगाळ मंगळवारी झाली. अकरांपैकी सहा शहरं तिची, पाच त्याची. एका शहराने तो हरला. ताईने निकाल वाचला. तो दोऱ्यावर बोटं ठेवून बसून राहिला. त्याला वाटलं होतं खेळ संपेल तेव्हा काळोख होईल. तसं काही झालं नाही. खिडकीची चौकट कडेला नेहमीसारखी उजळ होती. पण उद्याच्या साच्यांचा विचारही करवत नव्हता.

खूरची मेल दोन दिवसांनी आली. खेळ चांगला झाला, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला, असं तिने लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, की ती आता वडिलांना घरी आणतेय, ते तिला ओळखत नाहीत, त्यांच्यामागे रात्रंदिवस राहावं लागेल. सहा महिने मी खेळणार नाही. मधे लिहू नका, मला उत्तर देणं जमणार नाही आणि मग मला वाईट वाटत राहील. सातव्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी लिहीन. या वेळी काठ बदलू.

ताई वाचून थांबली. त्याला पुन्हा तो पलंग आठवेल की काय, अशी तिला भीती वाटत होती.

"लिहील ती?" तिने विचारलं.

सहा महिने म्हणजे सव्वीस मंगळवार. पूर्वी त्याने लगेच गणित मांडलं असतं, त्यातून उरतं किती, जातं किती. आता त्यातून वजा करायला काही उरलं नव्हतं.

"आधी सांगून जाणारी माणसं परत येतात," तो म्हणाला, पण आवाजात तेवढी खात्री नव्हती. मग त्याने खुर्ची ओढली आणि टेबलाला वळसा घालून दोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसला. बटणं आता सगळी उलटी लागत होती, डावीकडची उजवीकडे. त्याने पुन्हा पहिल्यापासून चाचपायला सुरुवात केली.

"उत्तर काठ वाच," तो म्हणाला. "सावकाश. मी तिकडे कधी राहिलेलो नाही."

ताईने चष्मा चढवला, यादी उघडली आणि या वेळी आधी दुसरं पान बघून घेतलं.